गल्लीतलं पाणी गल्लीतच जिरेल का?

शिकागो शहरात घरांच्या मागच्या अंगाने बोळ जातात. पुढचा रस्ता झाडाफुलांचा, आणि गॅरेज, कचऱ्याचे डबे, विजेचे खांब असं सगळं मागल्या बोळात, अशी तिथली जुनी वाटणी. एकट्या शिकागोत असे सुमारे १३,००० बोळ आहेत. सलग जोडले तर ३,००० किलोमीटर भरतील, क्षेत्रफळ ३,५०० एकरांच्या आसपास. यातल्या बऱ्याच बोळांना बांधताना गटाराची जोडणीच दिलेली नव्हती. पाऊस पडला की पाणी बोळात तुंबायचं आणि उतार दिसेल तिकडे, म्हणजे कुणाच्या तरी गॅरेजात नाहीतर तळघरात, शिरायचं.

२००६ मध्ये शिकागो महापालिकेच्या वाहतूक विभागाने यावर वेगळा तोडगा काढला. प्रत्येक बोळाखाली नवं गटार खणत बसण्याऐवजी बोळाचं काँक्रीटच असं करायचं, की पाणी त्यातून खाली उतरेल आणि तिथल्या तिथे मातीत जिरेल. कार्यक्रमाचं नाव ‘ग्रीन अ‍ॅली’. २०१० पर्यंत असे शंभरावर बोळ तयार झाले होते. गटारावरचा भार कमी, पाणी जिरवायला वेगळी जागा नको, आणि वर भूजलात भर, असं हे आकर्षक चित्र होतं. जगभरच्या शहरांनी त्याची दखल घेतली.

आपल्याकडे गाडी नेमकी उलट दिशेने चालली आहे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचं भूमिपूजन झालं, खर्च ६,००० कोटी रुपयांच्या घरात. लहान शहरांत तर गल्ली काँक्रीटची झाली की तोंडाशी ‘यांच्या प्रयत्नातून’ असा फलक लागतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं बुजवलेलं, झाडाच्या बुंध्यालाही गळपट्टा. त्यामुळे ‘शिकागोला जमतं ते आपल्याला का नाही?’ हा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे. पण त्याचं उत्तर वरच्या काँक्रीटमध्ये फारसं सापडत नाही. ते त्याच्या खाली आहे. म्हणून वरून सुरुवात करून खाली उतरत जाऊ.

वरचा थर

साध्या काँक्रीटमध्ये खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी असतं. खडीच्या दोन तुकड्यांमधली फट वाळू भरून काढते, वाळूतली फट सिमेंट भरून काढतं आणि एकसंध दगड तयार होतो. सच्छिद्र काँक्रीटमधून वाळू जवळजवळ काढून टाकतात. साधारण १० मिलिमीटरची, एकाच मापाची खडी घ्यायची आणि तिच्यावर फक्त लेप बसेल एवढंच सिमेंट वापरायचं. चुरमुऱ्याचा लाडू डोळ्यासमोर आणा. पाकाने चुरमुरे एकमेकांना चिकटलेले असतात, पण मधल्या फटी तशाच राहतात. या काँक्रीटमध्ये १५ ते २५ टक्के जागा अशी पोकळ असते, आणि पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे पाणी सरळ आरपार जातं.

किती वेगाने? नव्या, चांगल्या जमलेल्या सच्छिद्र काँक्रीटच्या एका चौरस मीटरमधून मिनिटाला १२० लिटर पाणी सहज उतरतं. काही वेळा याच्या दुप्पटही. हा आकडा किती मोठा आहे ते पाहायचं तर २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर. एवढं पाणी या पृष्ठभागातून आठेक मिनिटांत खाली जाईल. काँक्रीटवर पाण्याचा टँकर ओतला आणि थेंबही वर राहिला नाही, असे व्हिडिओ समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतात. ते खोटे नसतात. मात्र ते फक्त वरच्या पंधरावीस सेंटिमीटरांबद्दल बोलतात.

हे काँक्रीट करणं तसं कौशल्याचं काम आहे. पाणी फार थोडं लागतं. जास्त झालं तर सिमेंटचा लेप खडीवरून ओघळून तळाशी जमतो आणि तिथे बूच बसतं. कमी पडलं तर खडी सुटी होऊन उखडते. अनुभवी माणूस मिश्रण मुठीत दाबून पाहतो. गोळा आकार धरून राहिला आणि त्यावर ओलसर चकाकी दिसली की पाणी बरोबर. पाणी घातल्यापासून तास-दीड तासात माल पसरून रूळ फिरवायचा, वीसेक मिनिटांत प्लास्टिकने झाकायचं आणि सात दिवस झाकूनच ठेवायचं. थापी मारायची नाही, घोटायचं तर मुळीच नाही. आणि इथेच पंचाईत होते, कारण गुळगुळीत पृष्ठभाग ही गवंड्याची आयुष्यभराची शान असते. एक हात सफाईने फिरला की वरची छिद्रं बंद, मग ते नुसतं महागडं खडबडीत काँक्रीट.

शिकागोतही सुरुवातीला हा माल साध्या काँक्रीटच्या जवळजवळ तिप्पट दराने मिळायचा. पालिका सातत्याने मागणी करते आहे म्हटल्यावर पुरवठादार शिकले, आणि वर्षभरात दर साध्या काँक्रीटच्या बरोबरीला आला.

काँक्रीटशिवाय आणखी दोन वाटा आहेत. एक म्हणजे बारीक कच वगळून केलेलं सच्छिद्र डांबर. दुसरी पाणी जिरवणारे पेव्हर ब्लॉक, आणि या दुसऱ्या वाटेबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. पेव्हर ब्लॉक म्हणजे पाणी जिरणारच, असं गृहीत धरून सोसायट्यांनी अंगणंच्या अंगणं ब्लॉकने मढवली. फुटपाथच्या कडेचा एखादा उखडलेला ब्लॉक उचलून पाहा. सांध्यात बारीक वाळू, धूळ घट्ट बसलेली. ब्लॉकखाली तीनचार सेंटिमीटर क्रश सँडची गादी. त्याखाली बऱ्याचदा दाबून बसवलेला मुरूम किंवा चक्क काँक्रीटचा कोबा. थोडं पाणी सांध्यात मुरतं, गादी भिजते, कोब्यावर अडतं आणि ब्लॉक डुगडुगायला लागतात. पाय पडला की खालून पिचकारी उडते ती याचीच. पाणी जिरवणाऱ्या रचनेत ब्लॉक दिसायला तसाच असतो, पण सांधा रुंद ठेवतात आणि त्यात वाळूऐवजी २ ते ५ मिलिमीटरची धुतलेली कच भरतात. गादीही कचेचीच, आणि तिच्याखाली फक्त खडी. ब्लॉकच्या रंगावरून किंवा आकारावरून काही कळत नाही. सांध्यात काय भरलंय आणि पोटात काय आहे ते बघायचं.

खडीचं पोट आणि त्याखालची माती

पृष्ठभागातून उतरलेलं पाणी लगेच जमिनीत जात नाही, कारण जमीन सावकाश पिते. म्हणून मध्ये टाकी लागते. ती टाकी म्हणजे धुतलेल्या, एका मापाच्या खडीचा जाड थर. खडीच्या ढिगात साधारण ४० टक्के जागा रिकामी असते. म्हणजे ३० सेंटिमीटर जाडीच्या थरात १२० मिलिमीटर पाऊस मावतो. रस्त्याखाली लपवलेला हा साठा खालच्या मातीत हळूहळू रिकामा व्हायला हवा. आराखडा करताना साधारण दोन ते तीन दिवसांची मुदत धरतात, म्हणजे पुढचा पाऊस येईपर्यंत टाकी मोकळी.

आता माती. वाळूमिश्रित जमिनीत तासाला वीस-तीस मिलिमीटर पाणी उतरू शकतं. चिकण मातीत हाच वेग तासाला एखाद्या मिलिमीटरवर किंवा त्याच्याही खाली येतो. वर मिनिटाला १२० मिलिमीटर आणि तळाला तासाला १ मिलिमीटर. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कळतं, टँकरचा व्हिडिओ अर्धीच गोष्ट का सांगतो. तळ पीत नसेल तर खडीचा थर भरतो, भरलेलाच राहतो, आणि पुढचा पाऊस पुन्हा पृष्ठभागावरून वाहतो. त्यामुळे काम सुरू करण्याआधी खड्डा खणून त्यात पाणी किती वेळात उतरतं हे मोजणं ही पहिली पायरी आहे. आणि खणल्यावर तळाशी रोड रोलर फिरवून माती ठोकून काढायची नाही. साध्या रस्त्यासाठी तेच करणं योग्य असतं, म्हणून सवयीने इथेही तेच होतं, आणि जिरण्याचा मार्ग पहिल्याच दिवशी बंद होतो.

शिकागोत सगळे बोळ सच्छिद्र केले नाहीत, यामागचं कारण हेच. शहराच्या काही भागात तळ्याकाठची वाळू आहे, बऱ्याच भागात चिकण माती. जिथे माती पीत नाही तिथे साधाच पृष्ठभाग ठेवून उतार सुधारला, कुठे मध्यभागी फक्त एक सच्छिद्र पट्टा ठेवला, कुठे तळाला उघडी असलेली चेंबर बसवली.

दोन शहरं, दोन हिशेब

शिकागोच्या नळाला मिशिगन सरोवराचं पाणी येतं. त्यामुळे बोळात जिरलेलं पाणी तिथे कुणाच्या हंड्यात जाणार नव्हतं. शिकागोची दुखरी नस वेगळी होती. तिथे सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळीतून वाहतं. मोठा पाऊस आला की नळी भरते, आणि ते मिश्रण नदीत सुटतं किंवा घरांच्या तळघरांत उलटं चढतं. यासाठी १९७५ पासून शहराच्या पोटात खोल बोगदे खणायला घेतले. १७५ किलोमीटरचे हे बोगदे २००६ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे बोळांचा कार्यक्रम सुरू झाला त्याच वर्षी. बोगद्यांत ८७० कोटी लिटर पाणी मावतं. शिकागोतल्या झाडून सगळ्या बोळांवर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचं पाणी भरतं सुमारे ३५ कोटी लिटर. तेव्हा बोळ काही बोगद्यांची जागा घेणार नाहीत. मात्र ज्या गल्लीत गटारच नाही, तिथल्या माणसाच्या तळघरात पाणी शिरायचं थांबलं, हा त्याच्यापुरता शंभर टक्के फायदा आहे.

भूजल भरण्याचा खरा हिशेब पाहायचा तर लॉस एंजेलिसला जावं लागतं. वर्षाला जेमतेम ३७० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक हिवाळ्यात. १९१३ मध्ये पूर्ण झालेल्या कालव्याने ३७५ किलोमीटरवरून पाणी आणलं आणि शहर वाढलं. आजही तिथलं बहुतांश पाणी दुरूनच येतं. गंमत अशी, की १९३८ च्या पुरानंतर याच शहराने आपली नदी काँक्रीटच्या पन्हाळीत बसवली, म्हणजे पडलेला पाऊस लवकरात लवकर समुद्रात जावा. बाहेरून पाणी विकत आणायचं आणि स्वतःचं समुद्राला द्यायचं, हा व्यवहार त्यांना आता बोचतो आहे.

सॅन फर्नांडो खोऱ्याखाली मात्र डोंगरातून वाहून आलेल्या वाळू-गोट्यांचे जाड थर आहेत. जिरवायला याहून चांगली जमीन मिळणं अवघड. तिथल्या सन व्हॅली भागात एल्मर अव्हेन्यू नावाची एक साधी राहती गल्ली आहे. गटार नव्हतं, थोड्या पावसात तळं व्हायचं. २०१० मध्ये तिचा कायापालट झाला. रस्त्याखाली मोठे जिरवण-कक्ष केले, कडेला झाडांचे खोलगट वाफे केले, वरच्या अंगाच्या सुमारे ४० एकरांचं पाणी त्यात वळवलं. पुढे लगतचा एक बोळही असाच करून पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवला. यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की एल्मर अव्हेन्यूचा मुख्य रस्ता साध्या डांबराचाच राहिला. पाणी कडेने खाली नेलं. सच्छिद्र पृष्ठभाग हा जिरवण्याचा एक दरवाजा आहे, एकमेव दरवाजा नाही.

आणि ४० एकरांचा आकडाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाच मीटर रुंद, शंभर मीटर लांब बोळ घेतला तर क्षेत्रफळ ५०० चौरस मीटर. लॉस एंजेलिसचा वर्षाचा सगळा पाऊस त्यात थेंब न सांडता जिरवला तरी १,८५,००० लिटर होतात. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर चार माणसांची वर्षाची गरजही भागत नाही. बोळ फक्त स्वतःच्या अंगावरचा पाऊस जिरवत असेल तर हा खेळ फार छोटा आहे. आजूबाजूची छपरं, अंगणं आणि वरच्या गल्ल्या त्यात उतरल्या तरच आकडा मोठा होतो. पण मग खडीचं पोट मोठं हवं, माती जास्त पिणारी हवी, आणि येणारं पाणी गाळून घ्यायला हवं.

लॉस एंजेलिस परगण्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकांनी मतदान करून एक कर मान्य केला. आपल्या जागेत पाणी न जिरणारं जेवढं क्षेत्र असेल, त्याच्या दर चौरस फुटाला वर्षाला अडीच सेंट. जमा होणारा पैसा पावसाचं पाणी अडवण्या-जिरवण्याच्या कामांवर खर्च होतो. अंगणभर कोबा घालणाऱ्याने त्याची किंमत मोजायची, हे तत्त्व मला पटतं. आपल्याकडे कुठल्या पालिकेने असा प्रस्ताव मांडला तर सभागृहात काय होईल याची कल्पना करवत नाही, ते सोडा.

जिरतंय ते काय?

रस्त्यावरचं पाणी स्वच्छ नसतं. टायरची धूळ, ब्रेकमधले धातू, तेलाचे थेंब, जनावरांची घाण. यातला बराच भाग वरच्या थरात आणि मातीच्या पहिल्या काही सेंटिमीटरांत अडकतो. खडीवर वाढणारे जीवाणू तेलाचा थोडाफार फडशा पाडतात. पण पाण्यात विरघळणाऱ्या गोष्टी अडत नाहीत. नायट्रेट आणि मीठ सरळ खाली जातं. शिकागोत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याची ही काळजी असतेच. लॉस एंजेलिसची काळजी आणखी वेगळी. सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या विमान उद्योगाने वापरलेली द्रावकं दशकानुदशकं जमिनीत मुरली, आणि १९८६ मध्ये तिथल्या भूजलाची नोंद अमेरिकेच्या सर्वाधिक दूषित जागांच्या यादीत झाली. अशा ठिकाणी भलत्या जागी पाणी जिरवलं तर खालचं विष ढकललं जाऊन चांगल्या विहिरींकडे सरकू शकतं. म्हणून कुठे जिरवायचं हे ठरवताना आधी खाली काय आहे ते पाहतात. पेट्रोल पंप, गॅरेज, रसायनांची गोदामं यांच्याजवळ जिरवत नाहीत, आणि खडीच्या तळापासून भूजलाच्या पातळीपर्यंत पुरेसं कोरडं अंतर ठेवतात.

आपल्या गल्ल्यांत याहून जवळचा धोका आहे. बहुतेक शहरांत पाणी दिवसातून तास-दोन तास येतं. उरलेला वेळ जलवाहिनी रिकामी किंवा कमी दाबाची असते. तिला कुठे चीर असेल तर आजूबाजूच्या ओल्या मातीतलं पाणी आत ओढलं जातं. त्याच गल्लीत दोन हातांवर ड्रेनेजची जुनी, गळकी लाइन असते. अशा जमिनीत मुद्दाम पाणी जिरवत राहिलो, तर सकाळी नळाला पहिल्यांदा काय येईल याचा विचार आधी करायला हवा. चोवीस तास दाबाने पाणी असणाऱ्या शिकागोला हा प्रश्न एवढा भेडसावत नाही.

आपल्या पायाखालचा दगड

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या कातळावर आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक सांडलेल्या लाव्ह्याचे हे थर. वर कुठे काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या दगड आणि मग घट्ट काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात, कुजलेल्या दगडात आणि भेगांत. अखंड पाषाणात काही राहत नाही.

याचा हिशेबावर कसा परिणाम होतो ते पाहा. केंद्र सरकारच्या भूजल मोजणीच्या २०१५ च्या पद्धतीत वाळूच्या गाळाची पाणी सोडण्याची क्षमता १६ टक्के धरतात आणि कुजलेल्या बेसाल्टची २ टक्के. एका हेक्टरखाली पाण्याची पातळी एक मीटरने वाढली, तर गाळाच्या जमिनीत १६ लाख लिटर साठले. बेसाल्टमध्ये २ लाख. म्हणजे आपलं भांडं लहान आहे. ते लवकर भरतं आणि लवकर रितंही होतं. जुलैच्या शेवटी विहीर तोंडाला येते ती यामुळेच. भरलेल्या भांड्यात ऑगस्टमध्ये आणखी ओतलं तर ते पाझरून ओढ्याला जातं. आपल्याकडे जिरवण्याचा प्रश्न बऱ्याचदा ‘किती’ इतकाच ‘कुठे आणि केव्हा’ असा असतो. पुण्यासारख्या शहरात टेकडीच्या उतारावर, जिथे मुरूम उघडा आहे आणि खाली भेगाळ दगड आहे, तिथे जिरवलेलं पाणी खालच्या विहिरींना, बोअरना मिळू शकतं. नदीकाठच्या सखल पेठेत किंवा काळ्या मातीच्या जाड थरावर तेवढाच खर्च करून हाती फारसं काही लागणार नाही. उलट काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि वरचा रस्ता भेगाळतो.

पावसाचा स्वभावही वेगळा. शिकागोत दोन मोठ्या पावसांमध्ये खडीचं पोट मोकळं व्हायला बहुतेक वेळा काही कोरडे दिवस मिळतात. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि झड लागली की चारचार दिवस उघडीप नसते. पहिल्या दिवशी भरलेला १२० मिलिमीटरचा साठा दुसऱ्या दिवशीही भरलेलाच. त्यात मुंबईचा सखल भाग भराव घातलेला. खाली पाण्याची पातळी मुळात वर, आणि समुद्र शेजारी. तिथे सच्छिद्र रस्ता पूर अडवेल अशी आशा कुणी दाखवली तर ती ऐकून सोडून द्यावी. जूनच्या पहिल्या सरी आणि सुट्या जोराच्या सरी तो नक्की झेलेल, आणि गटारात पाणी एकदम न जाता सावकाश जाईल. तोही उपयोगच आहे, फक्त त्याला भूजल पुनर्भरण म्हणू नये.

कोकण-गोव्याच्या जांभ्याची तऱ्हा आणखी निराळी. जांभा मुळात सच्छिद्र, पाणी घटाघट पितो. पण तितक्याच सहज ते उताराच्या बाजूने झऱ्यांना सोडतो. भरपूर पाऊस पडूनही एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. तिथे गल्लीत वेगळं काही बसवण्याआधी सड्यावरचा, म्हणजे उघड्या सपाट कातळमाथ्यावरचा, जांभा काँक्रीटखाली जाऊ न देणं जास्त फळेल. सन व्हॅलीच्या जवळ जाणारी जमीन आपल्याकडे शोधायची तर तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात, जळगावच्या बाजूला. खाली जाड गाळ, वर मोजका पाऊस, आणि वर्षानुवर्षं उपसा करून खोल गेलेली पातळी. पट्ट्यात काही ठिकाणी खारं पाणी आहे, तेवढं सांभाळून. सच्छिद्र गल्लीचा प्रयोग महाराष्ट्रात कुठे आधी करावा असं मला विचारलं, तर मी मुंबई-पुण्याच्या आधी या पट्ट्याचं नाव घेईन.

झाडू मारून भागत नाही

या रस्त्यांचा शत्रू धूळ. बारीक माती वरच्या दोनतीन सेंटिमीटरांत जाऊन बसते आणि छिद्रं बुजतात. साधा झाडू ती आणखी आत ढकलतो. त्यामुळे वर्षातून निदान दोनदा धूळ ओढून घेणारं यंत्र फिरवावं लागतं. किती बुजलंय हे मोजायची एक सोपी चाचणी आहे. ३० सेंटिमीटर व्यासाची कडी घ्यायची, ती पुट्टीने रस्त्यावर चिकटवायची, आधी थोडं पाणी ओतून जागा भिजवायची, मग १८ लिटर पाणी असं ओतायचं की कडीत बोटाच्या जाडीएवढी पातळी टिकून राहील, आणि घड्याळ लावायचं. चांगल्या नव्या पृष्ठभागावर हे पाणी दोनेक मिनिटांत किंवा त्याआधीच जातं. पुढच्या वर्षी त्याच जागी वीस मिनिटं लागली, तर काय झालंय ते सांगायला तज्ज्ञ नको.

आता आपली गल्ली आठवा. कुणाचं तरी बांधकाम कायम चालू असतं, आणि वाळूचा ढीग रस्त्यावरच असतो. त्या ढिगावर एक पाऊस पडला की खालची दहा मीटर गल्ली कायमची बाद. मग केबलवाले येतात, गॅसवाले येतात, चर खणतात आणि जाताना हाताला येईल त्या मालाने तो बुजवतात. सच्छिद्र रस्त्यात साध्या काँक्रीटचा आडवा चर भरला तर वरचा थर तिथे तुटतोच, शिवाय खडीच्या पोटातही बांध घातल्यासारखं होतं. शिकागोच्या बोळांचा फायदा हा, की तिथे अवजड वाहतूक कमी आणि जागेचा वापर ठरलेला. आपल्या गल्लीत लग्नाचा मांडव, गणपतीचा मंडप, पाण्याचा टँकर, सिमेंट मिक्सर हे सगळं येऊन जातं. सच्छिद्र काँक्रीटची ताकद साध्यापेक्षा कमी असते; माणसं, दुचाक्या, मोटारी ठीक, रोजचा भरलेला डंपर नाही.

म्हणून सार्वजनिक गल्लीपेक्षा सोसायटीचा आतला रस्ता आणि पार्किंग मला आधी दिसतं. तिथे अवजड गाड्या क्वचित, खणायला परवानगी कुणाची लागते ते स्पष्ट, बोअर आपलीच आणि झाडणारा माणूसही आपलाच. पार्किंगच्या सांध्यात कच भरून घेणं हे एका उन्हाळ्यात होण्यासारखं काम आहे, पण खाली कोबा असेल तर तो फोडल्याशिवाय सांध्यातली कच नुसती शोभेची. इमारतीच्या भिंतीपासून अंतर राखून जिरवावं. जुन्या, उथळ पायाच्या वाड्यांशेजारी तर नकोच. छपराचं पाणी गाळून खडीच्या थरात सोडलं तर त्यात रस्त्याची घाण नसते आणि पाणीही जास्त मिळतं.

पालिकेला सार्वजनिक गल्लीत करायचंच असेल तर टेंडरमध्ये दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. काम ताब्यात घेताना कडीची चाचणी, जागा अभियंत्याने निवडलेल्या. आणि दोन पावसाळे उलटल्यावर त्याच जागांवर पुन्हा तीच चाचणी. ठेकेदाराची अनामत रक्कम सुटेल ती दुसऱ्या चाचणीनंतर, आणि दोषदायित्वाच्या मुदतीत, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या काळात, धूळ ओढण्याची जबाबदारीही त्याचीच.